पोर्टरहाउस आणि टी-बोन: एकाच हाडाचे दोन स्टेक

न्यूयॉर्कमधील जुन्या धाटणीच्या स्टेकहाउसचे मेनूकार्ड फारसे लांबलचक नसते. सुरुवातीला कोळंबीचे कॉकटेल, टोमॅटो आणि कांद्याच्या जाड चकत्या, सोबतीला मलईतला पालक आणि बटाटे, आणि मुख्य म्हणजे स्टेक, अर्थात गोमांसाचा जाड, भाजलेला काप. पाहुण्याचा गोंधळ उडतो तो या शेवटच्या भागात, कारण तिथे 'टी-बोन' आणि 'पोर्टरहाउस' अशी दोन नावे असू शकतात आणि समोर आलेले दोन्ही तुकडे जवळजवळ सारखेच दिसतात. दोन्हींच्या मधोमध इंग्रजी टी अक्षरासारखे हाड असते, दोन्हींत त्या हाडाच्या दोन्ही अंगांना मांस असते, आणि किमतीत मात्र डोळ्यांत भरण्याइतके अंतर असते. कामानिमित्त तिकडे गेलेला आपला माणूस अशा वेळी यजमान जे मागवील त्यालाच मान डोलावतो. त्यात वाईट काही नाही, परंतु फरक समजायला अवघड नाही आणि एकदा समजला की विसरायला होत नाही.

बरगड्या संपतात तिथपासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंतचा जो पाठीचा भाग असतो, त्याला अमेरिकन खाटीक शॉर्ट लॉइन म्हणतात. दोन्ही स्टेक याच भागातून निघतात. मधले हाड म्हणजे कमरेच्या मणक्याचा उभा चिरलेला अर्धा भाग असून, टीची दांडी म्हणजे त्या मणक्याचा बाजूला निघालेला पंख होय. दांडीच्या वरच्या अंगाला स्ट्रिप हा चरबीच्या बारीक रेषांचा, दाताखाली थोडा प्रतिकार करणारा आणि चवीला ठसठशीत स्नायू असतो, तर खालच्या अंगाला टेंडरलॉइन, म्हणजे मुंबई-गोव्याकडचे खाटीक ज्याला अंडरकट म्हणतात तोच भाग असतो. या स्नायूला जनावराच्या आयुष्यात फारसे श्रम पडत नाहीत, म्हणून तो लोण्यासारखा मऊ राहतो. चव मात्र त्याची सौम्यच.

आता खरी मेख अशी की टेंडरलॉइन सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. पुठ्ठ्याकडे तो जाड असतो आणि बरगड्यांकडे येता येता मुळ्याच्या शेंड्यासारखा निमुळता होतो. शॉर्ट लॉइनचे आडवे काप मागून पुढे पाडत गेले की पहिल्या कापांत टेंडरलॉइनचा मोठा गोळा येतो आणि नंतर तो लहान लहान होत जातो. मागचे ते पोर्टरहाउस, पुढचे ते टी-बोन. ही सीमारेषा खाटकाच्या मर्जीवर सोडलेली नाही: अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मानकांनुसार पोर्टरहाउसमध्ये टेंडरलॉइनची रुंदी किमान १.२५ इंच, म्हणजे सुमारे ३.२ सेंटिमीटर असावी लागते, आणि टी-बोनमध्ये किमान अर्धा इंच. त्याखालच्या कापाला टी-बोनही म्हणता येत नाही. जे मांस पोर्टरहाउसचे तेच टी-बोनचे, मुरवणही तीच. मॅनहॅटनमध्ये ५२व्या रस्त्यावर १९२७ पासून असलेल्या गॅलघर्सच्या काचेतून रस्त्यावरच्या माणसालाही थंड, कोरड्या हवेत मुरत ठेवलेले मांसाचे मोठे तुकडे दिसतात. अशा तुकड्यांचे काप पाडेपर्यंत दोन्ही स्टेकचा प्रवास एकच असू शकतो.

नावांवर मात्र परदेशात सर्वत्र विसंबू नये. ऑस्ट्रेलियात पोर्टरहाउस म्हणून बिनहाडाची नुसती स्ट्रिप मिळते, त्यामुळे न्यूयॉर्कचा अनुभव गाठीशी बांधून मेलबर्नमध्ये पोर्टरहाउस मागवणाऱ्याच्या ताटात हाडही येणार नाही आणि अंडरकटही. महाराष्ट्रात तर २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी असल्याने इथे स्टेक म्हणून समोर येते ते म्हशीचे मांस, आणि तेही बहुधा नुसता अंडरकट; टी आकाराच्या हाडाशी आपली गाठ पडते ती परदेशातच.

चुलीपाशी या दोघांची वागणूक वेगळी असते, आणि माझ्या मते किमतीपेक्षा हाच फरक अधिक महत्त्वाचा आहे. टेंडरलॉइनमध्ये चरबी कमी, म्हणून तो लवकर शिजतो. टी-बोनमध्ये त्याची पट्टी अरुंद असल्यामुळे स्ट्रिप हवी तशी गुलाबी होईपर्यंत ही पट्टी करडी आणि कोरडी पडण्याची भीती असते. म्हणून जाणता आचारी स्ट्रिपची बाजू आचेकडे आणि टेंडरलॉइनची बाजू आचेपासून दूर ठेवतो. पोर्टरहाउसमध्ये दोन्ही बाजू अंगाने भरलेल्या असल्याने आचाऱ्याला थोडी उसंत मिळते, शिवाय हे काप सहसा जाड पाडतात, त्यामुळे बाहेर काळसर खरपूस पापुद्रा आणि आत लालसर ओलावा हे दोन्ही एकत्र साधते.

ब्रुकलिनमधील विल्यम्सबर्ग भागात १८८७ पासून चालत आलेल्या पीटर लूगरमध्ये जो प्रसिद्ध स्टेक मिळतो तो पोर्टरहाउसच, पण मेनूवर तो 'दोघांसाठी स्टेक' अशा साध्या नावाने असतो. वरून येणाऱ्या प्रखर आचेखाली भाजलेला हा तुकडा काप करून, हाड पुन्हा मधोमध जागच्या जागी ठेवून, वितळलेल्या लोण्यात चरचरत टेबलावर येतो. वेटर त्या मोठ्या थाळीच्या एका कडेखाली छोटी बशी पालथी घालतो, अगदी आपल्याकडे रश्शाच्या ताटाला खालून टेकू लावतात तशी, आणि उताराला साचलेले लोणी व मांसरस चमच्याने कापांवर घालून प्रत्येकाला हाडाच्या दोन्ही अंगांचा एकेक काप वाढतो. टी-बोनला असा सोहळा क्वचितच लाभतो. तो एकट्याचा स्टेक आहे: मुख्य जेवण स्ट्रिपचे आणि अंडरकट चवीपुरता. ज्याला मांसाची चव हवी आणि मऊपणाचे फारसे अप्रूप नाही, त्याने जास्तीचे पैसे मोजून पोर्टरहाउस मागवण्याचे कारण मला दिसत नाही.

दोघे-तिघे असतील तर पोर्टरहाउस घ्यावा, पण सर्वांत मोठा तुकडा मागण्याचा मोह टाळावा. पुठ्ठ्याला अगदी लागून असलेल्या कापात टेंडरलॉइन सर्वांत जाड असतो हे खरे, परंतु पलीकडच्या अंगाला स्ट्रिपमध्ये पुठ्ठ्याचा दुसरा स्नायू घुसलेला असतो आणि दोहोंच्या मधून चंद्रकोरीसारखी चिवट शीर जाते, जी कितीही चावली तरी तुटत नाही. तेव्हा वेटरला काप मधल्या भागातला आहे की टोकाचा, एवढे विचारून घ्यावे. मेनूवर लिहिलेले वजन कच्च्या मांसाचे आणि हाडासकट असते, हेही मागवतानाच ध्यानात ठेवावे.