नर्स प्रॅक्टिशनरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातील क्लिनिकल प्लेसमेंट

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठी दूरस्थ पद्धतीने पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या परिचारिकेने आपल्या राहत्या भागातील दवाखान्यात किंवा रुग्णालयात, अनुभवी परवानाधारक व्यावसायिकाच्या देखरेखीखाली, ठरावीक तास प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याच्या व्यवस्थेला क्लिनिकल प्लेसमेंट म्हणतात. ज्याच्या हाताखाली विद्यार्थिनी हे काम शिकते, त्या व्यावसायिकाला प्रिसेप्टर असे नाव आहे. व्याख्याने, चर्चा आणि परीक्षा घरबसल्या संगणकावर होतात. मात्र पोट दाबून पाहणे, कानात डोकावणे, हृदयाचे ठोके ऐकून निदानाकडे जाणे यांसाठी समोर रुग्ण लागतो आणि शेजारी जाणकार लागतो. पारंपरिक विद्यापीठात ही सोय बहुधा विद्यापीठाच्या संलग्न रुग्णालयात होते. ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थिनी एका राज्यात आणि विद्यापीठ दुसऱ्या राज्यात असल्यामुळे जागा शोधण्याचा भार अनेकदा तिच्याच अंगावर येतो, आणि अभ्यासक्रमातील सर्वांत अवघड विषय कोणता असे विचारले तर पुष्कळ विद्यार्थिनी औषधशास्त्राऐवजी याचेच नाव घेतील.

नर्स प्रॅक्टिशनर ही नोंदणीकृत परिचारिकेच्या पुढची पायरी आहे. मास्टर्स किंवा डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस ही पदवी आणि त्यानंतरची राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा उत्तीर्ण झालेली ही व्यक्ती रुग्णाचा इतिहास घेते, तपासणी करते, चाचण्या सांगते, निदान करते आणि औषधे लिहून देते. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका-प्राध्यापिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी अशा शिक्षणाचा पहिला कार्यक्रम सुरू केला, तो बालकांच्या आरोग्यसेवेपुरता होता. आज देशातील नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या ४ लाखांवर आहे. २००८ मध्ये मान्य झालेल्या राष्ट्रीय आराखड्यानुसार प्रत्येकीला कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालक, नवजात, स्त्री-आरोग्य किंवा मानसिक आरोग्य यांपैकी एक रुग्णवर्ग निवडावा लागतो. प्लेसमेंट या निवडीशी जुळावी लागते. कौटुंबिक शाखेच्या विद्यार्थिनीने सगळे तास एका हृदयरोगतज्ज्ञाकडे काढून चालत नाही; तिला मुले, गरोदर स्त्रिया, मधुमेही प्रौढ आणि वृद्ध असे सर्व पाहावे लागतात. त्यामुळे तिला एक नव्हे, तर बहुधा तीन-चार जागा शोधाव्या लागतात. त्यांत बालरोग आणि स्त्री-आरोग्य यांच्या जागा मिळणे विशेष कठीण मानले जाते.

किती तास, याचे उत्तर अलीकडेच बदलले. अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी राष्ट्रीय कृतिदलाने ठरवलेल्या निकषांत दीर्घकाळ किमान ५०० तासांची अट होती. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीत ती प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या ७५० तासांवर नेण्यात आली. पुतळ्यांवर किंवा रुग्णाची भूमिका करणाऱ्या नटांवर केलेला सराव उपयुक्त मानला जात असला, तरी तो या ७५० तासांत धरला जात नाही. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी आठ तास असे धरले, तर एवढे तास पुरे व्हायला सुमारे ४७ आठवडे लागतात. ऑनलाइन शिकणाऱ्या बहुतेक जणी त्याच वेळी परिचारिका म्हणून नोकरी करत असतात आणि बारा-बारा तासांच्या पाळ्यांतून उरलेल्या दिवसांत हे काम बसवतात. नोकरीतले तास मोजले जात नाहीत, आणि स्वतःच्या वरिष्ठाला किंवा नातेवाइकाला प्रिसेप्टर करण्यास बहुतेक विद्यापीठे परवानगी देत नाहीत.

विद्यार्थिनीने जागा आपल्या गावातच शोधावी ही कल्पना मुळात वाईट नव्हती. केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात मेरी ब्रेकिनरिज यांनी १९२५ मध्ये उभारलेल्या फ्रंटियर नर्सिंग सेवेच्या परंपरेत, १९८९ मध्ये परिचारिका-सुइणींसाठी दूरस्थ शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. दूर शहरात शिकायला गेलेली परिचारिका परत येत नाही, तेव्हा तिने आपल्याच तालुक्यात, आपल्याच लोकांना तपासत शिकावे, म्हणजे ती तिथेच राहील, असा त्यामागचा विचार होता. पुढे इंटरनेट आले, शेकडो विद्यापीठांनी ऑनलाइन अभ्यासक्रम काढले आणि विद्यार्थिनींची संख्या झपाट्याने वाढली. ग्रामीण भागासाठी असलेले धोरण मग अनेक ठिकाणी संस्थेच्या सोयीची पद्धत होऊन बसले. प्रवेशाच्या जागा वाढवायला विद्यापीठाला सर्व्हरची क्षमता पुरते. शिकवायला तयार असलेल्या दवाखान्यांची संख्या तशी वाढत नाही.

नियम काय सांगतात, हे येथे नीट पाहिले पाहिजे. परिचर्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख असलेल्या सीसीएनईच्या मानकांनुसार जागा शोधण्याच्या कामात विद्यार्थिनीचा सहभाग असू शकतो. पण ती जागा पुरेशी आणि योग्य असल्याची जबाबदारी अभ्यासक्रमाचीच राहते. राष्ट्रीय कृतिदलाचे निकषही याच दिशेचे आहेत. व्यवहारात मात्र तीन प्रकार दिसतात. काही विद्यापीठे जागा स्वतः मिळवून देतात आणि तसे प्रवेशाच्या वेळीच लिहून देतात. काही ठिकाणी प्लेसमेंट समन्वयक यादी आणि सल्ला देतो, पण फोन विद्यार्थिनीला करावे लागतात. आणि काही ठिकाणी जागा आणि प्रिसेप्टर दोन्ही तिनेच आणून विद्यापीठासमोर ठेवायचे असतात, विद्यापीठ फक्त मंजुरी देते. प्रवेश घेण्यापूर्वी हे लेखी विचारून घेणे शुल्काची चौकशी करण्याइतकेच गरजेचे आहे, कारण माहितीपत्रकातील ‘आम्ही मदत करतो’ या वाक्याचा अर्थ यांपैकी कोणताही असू शकतो.

जागेचा शोध त्या सत्राच्या सहा महिने ते वर्षभर आधी सुरू होतो. पहिला प्रयत्न बहुधा स्वतःच्या रुग्णालयात होतो: ओळखीचे डॉक्टर, तिथे काम करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनर, पूर्वीच्या सहकारी. त्यानंतर राज्याची व्यावसायिक संघटना, सरकारी अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे, औषधांच्या दुकानांतील छोटे दवाखाने आणि तातडीच्या सेवेची केंद्रे. खाजगी दवाखान्यात निर्णय बहुतेक वेळा डॉक्टरपर्यंत पोहोचतच नाही; फोन उचलणारा ऑफिस मॅनेजर ‘आम्ही विद्यार्थी घेत नाही’ म्हणून ठेवून देतो. म्हणून एका पानाचा परिचय, नेमके किती तास आणि कोणत्या तारखा हवेत, त्या सत्राची उद्दिष्टे काय, एवढे कागद घेऊन प्रत्यक्ष जाणाऱ्या विद्यार्थिनीला जास्त यश येते. मोठ्या रुग्णालय-साखळ्यांत वैयक्तिक ओळख कमी उपयोगी पडते. तिथे विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालय असते आणि ज्या विद्यापीठांशी आधीच करार आहे, त्यांचेच अर्ज ते पाहते.

प्रिसेप्टरने होकार दिला म्हणजे काम झाले असे नाही. विद्यापीठ आणि दवाखाना यांच्यात संलग्नतेचा करार व्हावा लागतो. नुकसानभरपाई कोण देणार, विमा किती रकमेचा, वाद झाल्यास कोणत्या राज्याचे न्यायालय, अशा कलमांवर दोन्हीकडचे वकील अडून बसले की आठवडे आणि कधी महिने जातात, आणि प्लेसमेंट हुकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. त्याच वेळी विद्यार्थिनीला गुन्हेगारी पार्श्वभूमीची पडताळणी, अमली पदार्थांची चाचणी, हिपॅटायटिस-बीच्या प्रतिपिंडांचा अहवाल, क्षयरोगाची तपासणी, फ्लूची लस, जीवरक्षक उपचारांचे चालू प्रमाणपत्र, व्यावसायिक चुकीचा विमा आणि रुग्णगोपनीयतेच्या १९९६ च्या कायद्याचे प्रशिक्षण, एवढे सगळे पूर्ण करावे लागते. सत्र सुरू होईपर्यंत जागा पक्की झाली नाही, तर ते सत्र सोडावे लागते. अभ्यास अर्ध्या वेळेच्याही खाली गेला, तर संघराज्य सरकारच्या शैक्षणिक कर्जाची परतफेडीआधीची सहा महिन्यांची सवलत-मुदत सुरू होते आणि पदवीआधीच हप्ता दारात येतो.

जागा का मिळत नाहीत, याचे उत्तर मुख्यतः पैशांत आहे. प्राथमिक सेवेच्या दवाखान्यात एका रुग्णासाठी पंधरा-वीस मिनिटे ठरलेली असतात. विद्यार्थिनी आधी आत जाऊन इतिहास घेते, बाहेर येऊन सांगते, मग दोघे मिळून पुन्हा आत जातात. दिवसाचे वेळापत्रक कोलमडते, आणि प्रिसेप्टरचे उत्पन्न किती रुग्ण पाहिले यावर अवलंबून असेल तर त्याचा थेट तोटा होतो. बहुतेक विद्यापीठे त्याबद्दल मानधन देत नाहीत. ग्रंथालयाचा प्रवेश, मानद पद किंवा प्रमाणपत्र-नूतनीकरणासाठी धरले जाणारे तास एवढेच देतात. पूर्वी विद्यार्थिनीने लिहिलेली नोंद प्रिसेप्टरला पुन्हा स्वतः लिहावी लागे. २०२० पासून मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने ती तपासून सही करण्याची मुभा दिली, आणि हा छोटा बदल अनेक आवाहनांपेक्षा अधिक उपयोगी म्हणावा लागेल. त्याच दवाखान्याच्या दारात वैद्यकीय महाविद्यालयांचे आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांचे साहाय्यक म्हणून रुग्ण तपासणारे व्यावसायिक) अभ्यासक्रमांचे विद्यार्थीही उभे असतात. कॅरिबियन बेटांवरील काही वैद्यकीय महाविद्यालये तर आपल्या विद्यार्थ्यांच्या जागांसाठी अमेरिकी रुग्णालयांना रोख मोबदला देतात. फुकट जागा मागणारी परिचारिका या स्पर्धेत मागे पडते.

या टंचाईतून जागा जुळवून देणारा खाजगी व्यवसाय उभा राहिला. विद्यार्थिनी कंपनीला पैसे देते, कंपनी त्यातला वाटा प्रिसेप्टरला देते, आणि एका सत्राचा खर्च हजारो डॉलरवर जाऊ शकतो. काही विद्यापीठे अशा जागा स्वीकारतात, काही स्पष्ट मनाई करतात. प्रिसेप्टरला मोबदला मिळणे गैर नाही. पण शिकवण्याचे शुल्क विद्यापीठाने आधीच घेतलेले असताना तोच खर्च विद्यार्थिनीने दुसऱ्यांदा करावा, हे समर्थनीय वाटत नाही.

राज्यांच्या सीमांचाही अडसर आहे. विद्यार्थिनीकडे ज्या राज्यात रुग्ण तपासायचे त्या राज्यात चालणारा परिचारिकेचा परवाना हवा. परवाना-करारात सामील झालेल्या राज्यांत एकच परवाना पुरतो. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्या कराराबाहेर आहेत. शिवाय विद्यापीठालाही त्या राज्यात विद्यार्थी पाठवण्याची मुभा असावी लागते. दूरस्थ शिक्षणाच्या आंतरराज्य करारात कॅलिफोर्निया वगळता सर्व राज्ये आहेत, पण तो करार राज्यांच्या परिचर्या मंडळांचे अधिकार काढून घेत नाही. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन ही राज्ये बाहेरच्या अभ्यासक्रमांकडून प्लेसमेंटसाठी वेगळी मंजुरी मागतात. आपला अभ्यासक्रम कोणत्या राज्यांच्या परवान्याच्या अटी पूर्ण करतो, हे उघड करणे जुलै २०२० पासून संघराज्याच्या नियमाने विद्यापीठांना बंधनकारक आहे. अभ्यासाच्या मध्येच नवऱ्याची नोकरी बदलून घर दुसऱ्या राज्यात हलले, की या सगळ्याचा विचार नव्याने करावा लागतो.

महाराष्ट्रातून किंवा भारताच्या अन्य भागांतून गेलेल्या, एनसीएलईएक्स ही परिचारिका-परवान्याची परीक्षा देऊन अमेरिकेत नोकरी करणाऱ्या परिचारिकांनाही नोकरी आणि मुले सांभाळून पुढे शिकण्याचा हा मार्ग सोयीचा वाटतो. भारतीय वंशाच्या डॉक्टरांचे दवाखाने त्यांच्या शोधात स्वाभाविकपणे येतात. मात्र काही तास तरी नर्स प्रॅक्टिशनरच्याच हाताखाली व्हावेत अशी बहुतेक अभ्यासक्रमांची अपेक्षा असते. सुट्टीत पुण्याला येऊन येथील रुग्णालयात ते तास भरता येतील, असे समजून चालू नये. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ मध्ये अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला, त्यात हा प्रश्न या रूपात उद्भवतच नाही, कारण तिथे विद्यार्थिनी रुग्णालयातच राहून, बहुतांश वेळ प्रत्यक्ष रुग्णांपाशी शिकते. अर्थात, त्या अभ्यासक्रमाला घर आणि नोकरी सोडून यावे लागते.

अमेरिकेत डॉक्टरांच्या निवासी प्रशिक्षणाचा खर्च मेडिकेअर योजना तिच्या स्थापनेपासून उचलत आली आहे. नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रशिक्षणासाठी तशी कायम तरतूद नाही. आरोग्यसेवा सुधारणा कायद्याखाली २०१२ मध्ये त्यासाठी एक प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे आणि ड्यूक विद्यापीठाचे रुग्णालय धरून पाच रुग्णालयांना प्रिसेप्टरसह क्लिनिकल शिक्षणाचा खर्च भरून मिळाला, आणि निम्मे शिक्षण रुग्णालयाबाहेरच्या सामुदायिक केंद्रांत व्हावे अशी अट होती. २०१८ मध्ये प्रकल्प संपला आणि देशभर लागू झाला नाही. त्यामुळे पुढाकार राज्यांकडे गेला. जॉर्जिया, मेरीलँड, कोलोरॅडो यांनी वेगवेगळ्या स्वरूपात प्रिसेप्टरांना प्राप्तिकरात सवलत दिली. हवाईच्या २०१८ च्या कायद्याने विनामोबदला शिकवलेल्या ८० तासांच्या प्रत्येक फेरीमागे १,००० डॉलर आणि वर्षाला जास्तीत जास्त ५,००० डॉलरची करसवलत ठरवली.