मानेतली गॅप

मान दुखायला लागली की आपल्याकडे निदान घरीच होतं: “मणक्यात गॅप आलीय.” इंदूरला राजेंद्रनगरात राहणाऱ्या माझ्या ताईनेही फोनवर हेच सांगितलं. प्रत्यक्षात घडतं ते नेमकं उलटं. दोन मणक्यांमधली जागा वाढत नाही, ती कमी होते.

मानेत 7 मणके असतात. वरच्या दोघांमध्ये गादी नसते, खालच्या प्रत्येक जोडीत असते. बाहेर चिवट तंतूंचं कडं, आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. वयाबरोबर हे पाणी आटतं, गादी चेपत जाते, आणि कधी कडं फाटून गर मागे सरकतो. मागे मज्जारज्जू असतो आणि बाजूने हाताकडे जाणाऱ्या नसा. पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी सरकली की सहावी नस दबते. अंगठा आणि त्याशेजारच्या बोटाची जाणीव मुख्यतः या नसेकडे असते.

ताईचं दुखणं करंज्यांवरून लक्षात आलं. दिवाळीत मुरड घालताना चिमटीत पारी नीट धरली गेलीय की नाही, हेच तिला कळेना. ताटभर करंज्या तळताना कढईत उघडल्या. ज्या हाताची मुरड आम्ही सगळ्या बघून शिकलो, तो हात! मान कुणाच्या डोक्यातच आली नाही, आम्ही तिच्या बोटांना तेल चोळत बसलो.

अशा बहुतेक रुग्णांना ऑपरेशन लागत नाही. औषधं, व्यायाम आणि 6 ते 12 आठवड्यांचा धीर पुरतो. पण चालताना तोल जाऊ लागला, शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जूच दबत असू शकतो. तेव्हा एक दिवसही घरी काढू नये. ताईचं तसं नव्हतं, पण तीन महिन्यांनंतरही मनगट उचलायची ताकद कमीच होत चालली होती.

1950 च्या दशकापासून रुळलेलं ऑपरेशन म्हणजे गळ्याच्या पुढून गादी काढायची, तिथे हाडाचा तुकडा बसवायचा आणि दोन मणके कायमचे जोडून टाकायचे. ते चांगलंच ऑपरेशन आहे. फक्त तो सांधा पुढे हलत नाही आणि वरखालच्या गाद्यांवर जास्त ताण येतो. हलणारी गादी बसवण्याची धडपड यातूनच सुरू झाली. 1960 च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी मणक्यांमध्ये पोलादी गोळ्या बसवून पाहिल्या, पण त्या हाडात रुतत गेल्या. अमेरिकेत मानेच्या कृत्रिम डिस्कला पहिली मंजुरी मिळाली ती 2007 मध्ये.

डॉक्टरांनी नमुन्याची डिस्क ताईच्या तळहातावर ठेवली. अंगठ्याच्या नखाएवढी असेल. वर-खाली धातूच्या दोन चकत्या, मध्ये प्लॅस्टिकचा घुमट. कृत्रिम गुडघ्यात वापरतात तेच, पॉलिथिलीन. चकत्यांची बाहेरची बाजू खरखरीत, म्हणजे हाड त्यात वाढून तिला धरून ठेवतं. ताईने बोटाने दाबलं तशी वरची चकती एका अंगाला कलली. ती कितीतरी वेळ तेच करत बसली होती.

गळ्यावरच्या आडव्या वळीत तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतात. श्वासनळी आणि अन्ननलिका एका बाजूला, मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी दुसऱ्या बाजूला सरकवली की समोर मणका दिसतो. गादी काढतात, नस मोकळी करतात. आराम पडतो तो या मोकळं करण्यामुळे. डिस्क फक्त हालचाल राखते, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवं असं मला वाटतं. मग खरं कसब लागतं ते मापाचं. डिस्क जास्त उंच झाली तर मागचे छोटे सांधे ताणले जातात, लहान पडली तर ती रुतते. मध्यरेषा चुकू नये म्हणून टेबलाशेजारच्या एक्स-रे यंत्रावर पुन्हा पुन्हा बघतात.

सगळ्यांच्या मानेला ही डिस्क चालत नाही. हाडं ठिसूळ असतील, मागचे सांधे झिजले असतील किंवा मणके सरकत असतील, तर जोडून टाकणंच बरं. शिवाय काही जणांत डिस्कभोवती नवं हाड वाढून ती जाम होते. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या चाचण्यांत डिस्कवाल्यांना दुसरं ऑपरेशन कमी वेळा लागलं, तर स्वीडन आणि नॉर्वेतल्या चाचण्यांत दोन वर्षांनी रुग्णांच्या त्रासात फरक दिसला नाही. म्हणून “नवीन आहे, तेच करा” असा आग्रह मी कुणालाच करणार नाही.

ताईला पहिले आठ दिवस पोहेही गिळवेनात, मऊ भातावर काढावे लागले. आवाजही घोगरा झाला होता. या ऑपरेशननंतर असं बरेचदा होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं.

सहा आठवड्यांनी मान खाली आणि वर करून एक्स-रे काढले. दोन पांढऱ्याशुभ्र चकत्या आणि मध्ये काळी फट. एका फिल्मवर ती फट पुढे अरुंद झालेली, दुसऱ्यावर मागे. ताई घाबरली, “अहो डॉक्टर, ही गॅप तशीच आहे की!” डॉक्टर म्हणाले, “मावशी, ते प्लॅस्टिक आहे. एक्स-रेत दिसत नाही. ही गॅप आम्हीच परत बसवलीय.”