टर्कीच्या छातीचे घरगुती पदार्थ

टर्की या मोठ्या पक्ष्याच्या छातीच्या पांढऱ्या मांसापासून तवा, कढई किंवा लहान ओव्हनवर होणारे रोजच्या जेवणातले पदार्थ. हे मांस जाड, सौम्य चवीचे आणि जवळजवळ चरबी नसलेले असते : सालीशिवायच्या कच्च्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम दीड ग्रॅम चरबी. पाच माणसांना बिनहाडाचे ७५० ग्रॅम पुरते. बडोद्याच्या मराठी घरांत मटणाची जी रीत हाताला बसलेली आहे, म्हणजे कुकर, चार शिट्ट्या आणि वर मंद आच, ती या मांसाला चालत नाही. टर्की फसते ती बहुधा तिथेच.

पक्षी आणि त्याचे नाव

टर्की मूळची उत्तर अमेरिकेतली. मेक्सिकोच्या भागात ती माणसाळली आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी युरोपात नेली. भारतातली तिची सर्वांत प्रसिद्ध नोंद जहांगीराच्या आत्मचरित्रात आहे. खंभात बंदराचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रबखानाने १६१२ मध्ये गोव्याहून आणलेल्या नवलाच्या वस्तूंत हा पक्षी होता. त्याच्या डोक्याचे आणि गळ्याचे रंग क्षणाक्षणाला बदलतात, याचे बादशहाला फार अप्रूप वाटले. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. खंभात बडोद्याहून फार लांब नाही. तेव्हा गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात मराठी माणसे इथे आली, त्याच्या शंभरेक वर्षे आधीच टर्की या मुलखाच्या वाटेवर दिसली होती, ताटात नसली तरी.

पोर्तुगीजांत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात. त्यामुळे गोव्याकडच्या एखाद्या जुन्या पाककृतीत भाजलेला पेरू भेटला, तर तो फळ असेलच असे नाही.

केरळ आणि तमिळनाडूत टर्कीपालन बऱ्यापैकी चालते. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कॅरी विराट’ ही पांढरी जात विकसित केली आहे. बडोद्यात मात्र हे नेहमीच्या चिकनच्या दुकानात मिळणारे मांस नव्हे. आधी सांगून, बहुतेक वेळा गोठवलेलेच घ्यावे लागते. नाहीच मिळाले तर कोंबडीची छाती घ्यावी. पुढचे सगळे तिलाही लागू आहे, फक्त तुकडा लहान असल्याने अख्खा भाजताना वेळ बराच कमी लागतो.

मांस कोरडे का पडते

मटणाच्या खांद्यात किंवा टर्कीच्या तंगडीत कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन भरपूर असते. ते मंद आचेवर वितळून जिलेटिन होते, म्हणून असे मांस जितके शिजेल तितके मऊ पडते. छातीत कोलॅजेन फारच थोडे. तिथले तंतू तापू लागले की आवळत जातात आणि ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी झपाट्याने बाहेर टाकतात. कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास असते. तिथे दहा मिनिटे काढलेली छाती दोऱ्यासारखी सुटते, आणि वर कितीही रस्सा ओतला तरी तंतूतून गेलेले पाणी परत येत नाही.

दुसरीकडे, जिवाणू मरावेत म्हणून सर्वांत जाड भागाच्या मध्यावर ७४ अंश गाठावेच लागतात. म्हणजे अचूक थांबण्याची पट्टी अगदी अरुंद आहे. बारीक टोकाचा डिजिटल थर्मामीटर त्यासाठीच घ्यायचा. सुरी खुपसून ‘पाणी पांढरे आले का’ हे पाहणे भरवशाचे नाही, कारण हाडाजवळचे मांस पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकते. उलट, कडेने पांढऱ्या गुठळ्या बाहेर येऊ लागल्या तर आच जास्त झाली, हे नक्की समजावे.

तयारी

गोठलेली छाती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवून सोडवावी. दोन किलोला सुमारे २४ तास लागतात. घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाला पाणी बदलत. किलोमागे तासभर धरावा. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ओट्यावर ठेवून सोडवणे धोक्याचे : आतला गाभा दगडासारखा असतानाच बाहेरच्या थरात जिवाणू वाढू लागतात.

मांस नळाखाली धुऊ नये. हळद लावून तीन पाण्यांनी धुवायची सवय जुनी आहे, पण त्या शिंतोड्यांतून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू ओटाभर पसरतात. कागदाने टिपून कोरडे करणे पुरे. हळद मुरवणात जातेच.

छातीच्या अर्ध्या भागाखाली एक लांबट, सैल पट्टी असते. ती बोटाने अलगद सुटते. तिच्या एका टोकाला पांढरी, चकचकीत शीर दिसते. ते टोक कापडाने घट्ट धरायचे, सुरीचे पाते शिरेवर आडवे टेकवायचे आणि पाते स्थिर ठेवून शीर आपल्याकडे ओढायची; मांस खरवडून मागे राहते. ही शीर शिजून कधीच मऊ होत नाही. लहान मुले घास तोंडातून काढतात तो बहुधा हिच्यामुळे. पट्टीचे आणि मोठ्या भागाचे तंतू वेगवेगळ्या दिशांना धावतात, म्हणून दोन्ही वेगळे करूनच, तंतूंना आडवे कापावे.

मीठ किलोला १० ते १२ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. ते निदान दोन तास, मोठा तुकडा असेल तर रात्रभर आधी लावावे. मीठ आत शिरते आणि शिजताना तंतू पाणी कमी सोडतात. मात्र पाकिटावर नजर टाकावी : गोठवलेल्या टर्कीत पुष्कळदा आधीच मिठाचे पाणी टोचलेले असते. तशी असेल तर वरून मीठ लावू नये, नाहीतर पदार्थ खारट होणारच. कच्च्या पपईचे वाटण मटणाला ठीक, इथे नको. वरचा थर लगद्यासारखा होतो आणि आतला तसाच राहतो.

रस्सा

नियम एवढाच, की मसाला आधी पुरता शिजवायचा आणि मांस शेवटी घालायचे. ७५० ग्रॅमचे तीन सेंटिमीटरचे तुकडे करून त्यांना दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा आले-लसूण आणि दोन मोठे चमचे दही चोळून तासदोन तास फ्रिजमध्ये ठेवावे. तीन मध्यम कांदे, अर्धी वाटी सुके खोबरे, एक मोठा चमचा धणे आणि चमचाभर खसखस वेगवेगळी भाजून वाटावीत. चार मोठे चमचे तेलात हे वाटण दहा-बारा मिनिटे, कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. मग दोन चमचे घरचा काळा मसाला आणि तीन वाट्या गरम पाणी घालून दहा मिनिटे खळखळू द्यावे.

आता आच मंद करून तुकडे सोडायचे, झाकण थोडे उघडे ठेवायचे, आणि आठ ते दहा मिनिटांनी गॅस बंद करायचा. मांस घातल्यावर रस्सा उकळता नसावा, फक्त कडेला बुडबुडे यावेत. छाती हाडासकट आणली असेल तर नुसती हाडे कुकरमध्ये दीड लिटर पाण्यात तीन शिट्ट्या आणि पुढे वीस मिनिटे शिजवून अळणी (हाडांचे बिनमिठाचे पाणी) काढावे आणि साध्या पाण्याऐवजी तेच घालावे. कुकर हवा तो इथे.

या क्रमाचा एक आयता फायदा आहे. बडोद्याच्या अनेक मराठी घरांत एकाचा गुरुवार असतो, दुसऱ्याचा श्रावण, तिसरा खातच नाही. मांस शेवटी पडत असल्याने उकळलेला रस्सा आधी दोन पातेल्यांत वाटता येतो, एकात बटाटा-वाटाणा आणि दुसऱ्यात टर्की. (अर्थात रस्सा साध्या पाण्यावर केला असेल तरच, अळण्याचा असेल तर ही वाटणी होत नाही.) तिखटाचा प्रश्नही शहराच्या शेव-उसळीने आधीच सोडवून ठेवला आहे : रस्सा बेताचा ठेवायचा आणि तर्री वेगळी करायची. तीन मोठे चमचे तेल तापवून गॅस बंद करावा, मिनिटभराने दोन चमचे काश्मिरी आणि एक चमचा झणझणीत तिखट टाकून लगेच पळीभर रस्सा ओतावा. तेल फार तापलेले असेल तर तिखट काळे पडून कडवट होते; तशी तर्री टाकून द्यावी, ती सुधारत नाही.

तव्यावरचे काप

मांस अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवले की नेटके कापता येते. एक सेंटिमीटरचे काप दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याच्या टोकाने ठोकून सर्वत्र सारखे, सहा-सात मिलिमीटरचे करावे. जाडी असमान राहिली तर पातळ कड वाळते आणि मध्य कच्चा राहतो. आले-लसूण, तिखट, हळद आणि मीठ लावून ठेवावे. लिंबू मात्र तळण्याआधी दहाच मिनिटे. आधी लावले तर पाणी सुटून रवा गळून पडतो. दोन भाग रवा आणि एक भाग तांदळाच्या पिठात घोळवून, बऱ्यापैकी तापलेल्या तव्यावर दर बाजूला दोन मिनिटे ठेवावेत. एका वेळी चारच. तवा भरला की काप तळले न जाता वाफवले जातात.

खिमा

नुसत्या छातीचा खिमा ओल्या रव्यासारखा कणीदार होतो. तंगडीचे मांस एक तृतीयांश मिसळावे, नाहीतर अर्ध्या किलोला एक मोठा चमचा तेल जास्त घालावे. तापलेल्या कढईत पसरून दोन मिनिटे हलवू नये, मग फोडून कांदा-टोमॅटो-मटाराच्या तयार मसाल्यात दहा मिनिटे शिजवावा.

ओव्हनमधली अख्खी छाती

छातीचा सालीसकट, किलोभर वजनाचा अर्धा भाग मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघडा ठेवला की साल कोरडी होऊन कुरकुरीत भाजली जाते. सालीखाली लसूण-मिरीचे लोणी सारावे आणि १७५ अंशांवर भाजावे. पन्नास मिनिटे ते तास लागतो, पण चाळिसाव्या मिनिटापासून तपासावे. ७१ अंशांवर बाहेर काढून फॉइलखाली पंधरा मिनिटे ठेवले, की आतली उष्णता तापमान ७४ च्या वर नेते. न गेल्यास परत ओव्हनमध्ये. लहान ओव्हनमध्ये वरची कांडी सालीला फार जवळ येते, म्हणून खालचा रॅक वापरावा.

परदेशी कृतींत पांढरी वाइन सांगितलेली असते. गुजरातेत दारूबंदी आहे. पाऊण वाटी अळणी आणि एका लिंबाचा रस घातला तर काही बिघडत नाही. क्रॅनबेरीच्या आंबटगोड सॉसची जागा छुंदा घेतो, आणि आमच्या मते जास्त चांगली घेतो.

उरलेले

शिजलेले मांस दोन तासांत, कडक उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये जावे आणि तीन-चार दिवसांत संपावे. नुसते परत गरम केले तर ते पुन्हा आवळते, म्हणून ओलाव्यातच गरम करावे. फोडणीची पोळी हा त्यावरचा सर्वांत सोपा मार्ग : मोहरी, कढीपत्ता, कांदा, मग कुस्करलेली पोळी, पाण्याचा हबका, आणि पोळी वाफेवर मऊ झाली की वरून बारीक तोडलेली टर्की घालून वाफा निघेपर्यंत, तीनेक मिनिटे झाकण.