मालिश नेमकी कुठे काम करते?

सध्या मोबाईल उघडला की स्पावाल्यांच्या जाहिराती येतात, "डिटॉक्स मसाज करा, शरीरातले टॉक्सिन्स बाहेर काढा" वगैरे, आणि वाचून खरंच चिडचिड होते. मसाजने बरं वाटतं हे खरं आहे, त्यामागचं विज्ञानही फार सुंदर आहे, मग त्याला खोटी कारणं कशाला चिकटवायची? नको असलेले पदार्थ बाहेर टाकायला यकृत आणि किडन्या आहेत, पाठ चोळली म्हणून त्यांचं काम वाढत नाही. जिममध्ये अजून सांगतात की दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक अ‍ॅसिड साचल्यामुळे, पण ते व्यायाम थांबवल्यावर तासाभरात आपोआप उतरतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं असतं ते स्नायूंना झालेल्या बारीक इजेचं आणि तिथल्या दाहाचं. 2012 साली कॅनडात 11 तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून एकाच पायाला मसाज दिला आणि मग दोन्ही मांड्यांतले स्नायूचे बारीक तुकडे तपासले, तर लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये काहीच फरक नव्हता, पण मसाजवाल्या पायात दाहाचे रासायनिक संकेत कमी होते. अभ्यास छोटाच, पण दिशा दाखवणारा.

मला सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट मात्र स्नायूत नाही, त्वचेत आहे. स्पर्शाचे मज्जातंतू म्हटलं की आपल्याला वेगवान तंतू आठवतात, ज्यांच्यावर मायलिनचं, म्हणजे संदेशाचा वेग वाढवणाऱ्या चरबीचं, आवरण असतं आणि ज्यांच्यातून संदेश सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावतो, काय टोचलं, कुठे टोचलं हे ते लगेच सांगतात. पण केस असलेल्या त्वचेत, म्हणजे हात, पाठ, चेहरा वगैरे ठिकाणी, दुसरेही तंतू असतात, त्यांना सी-टॅक्टाइल म्हणतात. यांच्यावर मायलिन नसतं, त्यामुळे वेग जेमतेम सेकंदाला एक मीटर, मनगटावरचा संदेश मज्जारज्जूपर्यंत जायलाच अर्धा-पाऊण सेकंद लागतो. आणि गंमत म्हणजे हे तंतू सगळ्यात जास्त पेटतात ते सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर वेगाने, हलक्या हाताने, त्वचेइतक्याच कोमट म्हणजे 32 अंशांच्या आसपासच्या स्पर्शाने कुरवाळलं की. भराभर हात फिरवला तर प्रतिसाद कमी, अगदीच हळू फिरवला तरी कमी! लोकांना विचारलं कुठला वेग छान वाटतो, तर उत्तरं याच वेगांशी जुळतात.

2002 साली स्वीडनचे होकान ओलाउसन आणि सहकाऱ्यांनी एका बाईचा अभ्यास केला, आजारपणात तिचे वेगवान तंतू निकामी झाले होते पण हे संथ तंतू शाबूत होते. हातावरून मऊ ब्रश फिरवला की तिला काहीतरी अंधुक, सुखद जाणवायचं, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये स्पर्शाचा नेहमीचा भाग गप्प, इन्सुला मात्र जागा. इन्सुला म्हणजे शरीराची आतली अवस्था आणि भावना यांची सांगड घालणारा भाग. तळहातावर हे तंतू जवळजवळ नसतात, तिथे तिला ब्रश कळलाच नाही.

अर्थात पाठ दाबून घेताना फक्त हेच तंतू काम करत नाहीत, खोल दाबाचं गणित वेगळं आहे. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलं की दाबाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अडवतात, म्हणून आपटलेला गुडघा आपण आपसूक चोळतो. वारंवार मसाज घेणाऱ्यांची चिंता आणि उदासी कमी होते असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण "कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) धाडकन खाली येतं" हा दावा सगळे अभ्यास एकत्र तपासल्यावर फारसा टिकला नाही.

बाळांच्या बाबतीत पुरावा जास्त चांगला आहे. 1986 मध्ये टिफनी फील्ड यांच्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, 15-15 मिनिटं मालिश आणि हातापायांची हालचाल दिली, दूध तेवढंच, तरी मालिश न मिळालेल्या बाळांपेक्षा वजनवाढ 47 टक्के जास्त. म्हणजे आपल्याकडे तेल लावून आंघोळ घालतात त्यातली मालिश खुशाल चालू ठेवा, पण नाक ओढून सरळ होत नाही, टाळूवर तेल जिरवल्याने टाळू लवकर भरत नाही, आणि नाकात तेल तर अजिबात घालू नका, ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

मोठ्यांसाठीही एक गोष्ट लक्षात ठेवा, ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस झोपून राहिल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टरकडे जा.