घडीच्या चाकूची मूठ पावसाळ्यात का फुगते?

घडीचे चाकू जमवणाऱ्या मंडळींमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे: लाकूड जितकं जड आणि कठीण, तितकी मूठ टिकाऊ. म्हणून आफ्रिकेचं आबनूस, मध्य अमेरिकेचं कोकोबोलो, कॅरिबियन बेटांवरचं लिग्नम व्हायटी अशी पाण्यात टाकली तर तळाला जाणारी लाकडं हौसेनं शोधली जातात. ती देखणी आहेत यात वाद नाही. पण तडे जाण्याच्या बाबतीत आबनूस आपल्या साध्या सागापेक्षाही कितीतरी वाईट आहे. असं का, हे कळायला लाकूड आणि पाणी यांचं नातं समजून घ्यावं लागतं. माझ्या मते चाकूच्या मुठीतली सगळ्यात रंगतदार गोष्ट तीच. पात्याच्या पोलादावर लोक तासन् तास बोलतात आणि मुठीला मात्र नुसतं ‘सुंदर’ म्हणून सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

सुरुवात साध्या चाकूपासून करू. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये एक शेतकरी चाकू बनवला. बीचच्या लाकडाची गोल मूठ, तिच्यात करवतीनं पाडलेली खाच आणि खाचेत मिटणारं पातं. १९५५ मध्ये पातं उघडं पक्कं राहावं म्हणून त्याच्या बुडाशी फिरणारं धातूचं कडं आलं. बाकी रचना जवळपास तीच आहे. या चाकूची एक खोड जगभर माहीत आहे. मूठ भिजली की खाच आवळते आणि पातं नखानं ओढूनही बाहेर येत नाही. मग मिटलेला चाकू हातात धरून मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं. पात्याचं टोक थोडं वर येतं आणि चिमटीत सापडतं. फ्रेंच लोक याला ‘साव्हॉयवाल्याचा ठोका’ म्हणतात.

आपल्याकडे पावसाळ्यात दरवाजे चौकटीत अडकतात, तोच हा प्रकार. पण दरवाजा रुंदीतच फुगतो, उंचीत नाही, हे कधी लक्षात आलंय का?

लाकूड म्हणजे बहुतांशी लांबट नळीसारख्या मेलेल्या पेशी. प्रत्येक पेशीची भिंत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंनी बनलेली असते आणि भिंतीच्या सर्वांत जाड थरात हे तंतू खोडाच्या दिशेशी जेमतेम १० ते ३० अंशांचा कोन करून सर्पिलाकार गुंडाळलेले असतात. सेल्युलोजवर, आणि तंतूंच्या अवतीभवती असलेल्या हेमिसेल्युलोजवर त्याहून जास्त, पाण्याला मोकळे सापडणारे हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याच्या रेणूंना ते धरून ठेवतात. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू भिंतीत शिरतात आणि तंतूंना एकमेकांपासून दूर सारतात. तंतू स्वतः लांब होत नाहीत, फक्त त्यांच्यामधलं अंतर वाढतं. म्हणून लाकूड आडवं फुगतं. लांबीत होणारा फरक इतका किरकोळ असतो की सुतार तो धरतही नाही.

आडव्या दिशाही दोन आहेत आणि त्या सारख्या नाहीत. खोडाच्या केंद्राकडून सालीकडे जाणारी एक, वाढीच्या वलयांना समांतर जाणारी दुसरी. केंद्राकडून बाहेर आडव्या पेशींच्या पट्ट्या, म्हणजे किरण, गेलेले असतात आणि ते त्या दिशेतलं फुगणं रोखून धरतात. (हे एकमेव कारण नाही, पण मोठं कारण आहे.) त्यामुळे वलयांच्या दिशेनं लाकूड साधारण दुप्पट हलतं. ओलं बीच पूर्ण वाळवलं तर वलयांच्या दिशेनं सुमारे ११.६ टक्के आकसतं, केंद्राच्या दिशेनं ५.७ टक्के.

आता हिशोब करू. भिंती पाण्यानं पूर्ण भरायला लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी लागतं. त्यापुढचं पाणी पेशीच्या पोकळीत साठतं आणि त्यानं लाकूड फुगत नाही. म्हणजे ओलावा एक टक्का वाढला की बीच वलयांच्या दिशेनं साधारण ०.४ टक्का फुगणार. कोरड्या खोलीत ८ टक्के ओलावा असलेली मूठ कोकणातल्या जुलैत हळूहळू १८ टक्क्यांवर जाते. २० मिलिमीटर जाडीत ही वाढ पाऊण मिलिमीटरहून थोडी जास्त भरते. पात्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा याहून कमी असते. पातं अडकणारच.

हाच हिशोब शिसवीचा केला, तर वाढ निम्मीच येते. वलयांच्या दिशेनं शिसवी आणि साग दोघंही ५.८ टक्क्यांच्या आसपास आकसतात, कोकोबोलो तर चारेक टक्के. बीचहून कितीतरी जड असलेलं लाकूड बीचहून कमी हलतं. वास्तविक जड लाकडात भिंतीचा भाग जास्त, म्हणजे ते जास्त हलायला हवं होतं.

याचं उत्तर गाभ्यात आहे. झाड वाढत असताना रसकाष्ठाच्या (पाणी वाहून नेणाऱ्या लाकडाच्या) आतल्या भागातल्या उरल्यासुरल्या जिवंत पेशीही मरतात, आणि मरण्याआधी त्या फिनॉल, क्विनोन, राळ, तेलं अशी रसायनं तयार करून मागे ठेवतात. बुरशी आणि किडींपासून बचाव हे त्यांचं काम. शिसवीचा जांभळट रंग, कोकोबोलोचा केशरी-लाल, सागाचा तेलकट वास, सगळं त्यांचंच. यांतली काही रसायनं पेशीच्या भिंतीतच जाऊन बसतात, नेमकी तिथे जिथे पाणी बसलं असतं. जागा आधीच भरलेली असल्यानं भिंत पावसाळ्यात फार फुगत नाही आणि उन्हाळ्यात फार आकसत नाही. जो रंग पाहून आपण चाकू घेतो, त्या रंगाचीच भावंडं मूठ जागेवर ठेवतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मग आबनूस का तडकतं? त्याचा काळा ऐवज मुख्यतः पेशींच्या पोकळ्यांमध्ये साठतो. पोकळी भरली म्हणजे भिंत भरली असं होत नाही. आफ्रिकी आबनूस वलयांच्या दिशेनं ११ टक्क्यांच्या आसपास आकसतं, जवळजवळ बीचइतकंच, आणि केंद्राच्या दिशेनंही ८ टक्क्यांहून जास्त. लायोल पद्धतीच्या फ्रेंच चाकूत धातूच्या पट्ट्यांवर लाकडाचे दोन तुकडे खिळ्यांनी ठोकून बसवतात. असा आबनुसी चाकू मे महिन्यात नागपूरला आला, की लाकूड आकसू पाहतं आणि खिळे त्याला आकसू देत नाहीत. खिळ्याच्या भोकातून केसाएवढी बारीक चीर निघते आणि लाकडाच्या रेषेनं पुढे सरकते. आपल्याकडची टेंभुर्णी, जिची पानं विड्यांना लागतात आणि जिचा तेंदूपत्ता गडचिरोली-गोंदियात गोळा होतो, ती याच आबनुसाच्या कुळातली. जुन्या झाडांत तिचाही गाभा काळा होतो.

बाजारात ‘स्टॅबिलाइज्ड’ लाकडाच्या मुठी मिळतात आणि ‘यात पाणी शिरूच शकत नाही’ असं विक्रेते छातीठोकपणे सांगतात. लाकूड निर्वातात ठेवून आतली हवा काढतात, पातळ अॅक्रिलिक रेझिन आत ओढू देतात आणि उष्णतेनं ते घट्ट करतात. मऊ, सच्छिद्र लाकडासाठी आणि गाठींच्या लाकडासाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण गाठीत तंतूंच्या दिशा वेड्यावाकड्या असतात आणि ती कुठूनही फाटू शकते. पण रेझिन बहुतांशी पोकळ्यांमध्ये बसतं, भिंतीत फारसं जात नाही. त्यामुळे ओलावा आत जायला वेळ लागतो, तो थांबत नाही. शिवाय शिसवीसारख्या तेलकट लाकडात रेझिन धड शिरतही नाही. भिंतीत शिरणारा पदार्थ हवा असेल तर पॉलिइथिलीन ग्लायकॉल आहे. १६२८ मध्ये बुडालेलं ‘वासा’ हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर त्याच्यावर १७ वर्षं याचाच फवारा चालू होता.

गाभ्यातल्या रसायनांमुळे भलत्या समजुतीही पसरल्या. सोळाव्या शतकात युरोपात लिग्नम व्हायटीचा काढा उपदंशावरचा रामबाण उपाय म्हणून खपला. त्याची स्तुती करणारं पुस्तक जर्मन लेखक उल्रिख फॉन हुटेननं १५१९ मध्ये लिहिलं आणि १५२३ मध्ये तो त्याच रोगानं मेला. आपल्याकडे बिबळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी मधुमेह घालवतं, असं सांगून पेले विकले जातात. पाण्याला रंग येतो तो गाभ्यातल्या द्रव्यांचा. रंग आला म्हणजे रोग गेला असं नाही, आणि पेल्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणं सरळ धोक्याचं आहे. लिग्नम व्हायटीच्या राळेचा खरा वैद्यकीय उपयोग वेगळाच निघाला: विष्ठेतलं न दिसणारं रक्त शोधण्याच्या चाचणीत, हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर, रक्त असेल तर ती निळी होते.

शिसवी-कोकोबोलोतले क्विनोन त्वचेला आणि श्वासनलिकेला झोंबतात. घरी मूठ घासून बसवणाऱ्यांनी मास्क लावल्याशिवाय पॉलिशपेपर हातात घेऊ नये. तयार, तेल लावलेल्या मुठीचा सहसा त्रास होत नाही.

शिसवीचं अख्खं कूळ (डालबर्जिया) २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. ब्राझीलची शिसवी १९९२ पासूनच पहिल्यात, म्हणजे तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद. परदेशातून चाकू मागवताना लाकडाचं शास्त्रीय नाव विचारून घ्यावं. नुसतं ‘रोझवूड’ लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

आणि मूठ निवडताना तिचं बूड उजेडात धरून वलयांच्या रेघा पाहाव्यात. मुठीच्या सपाट बाजूला काटकोनात रेघा असतील तर लाकूड रुंदीत कमी हलेल आणि खिळ्यांपाशी ताण कमी येईल. नक्षी मात्र बहुधा समांतर रेघांच्या तुकड्यात जास्त खुलते, तेव्हा काय पत्करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. हौशी कारागिरांना माझं सांगणं असं की घरातल्या मोडक्या शिसवी खुर्चीचा पाय फेकू नका. जुनं झालं म्हणून लाकूड हलायचं थांबत नाही, पण शिसवी मुळातच कमी हलते. त्या पायातून दोनतीन मुठी सहज निघतात, आणि वर जवसाच्या तेलाचा हात पुरतो.