'बग' ऐकताना डोक्यात काय होतं?

संगणकातल्या चुकीला 'बग', म्हणजे इंग्रजीत किडा, का म्हणतात, याची एक गोष्ट पुन्हापुन्हा वाचायला मिळते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क टू' संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये, एक पतंग अडकलेला सापडला आणि त्यावरून हा शब्द आला, अशी ती गोष्ट. पतंग सापडला हे खरं. लॉगबुकात चिकटपट्टीने डकवलेला तो पतंग आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. पण त्याच्याखाली काय लिहिलंय? 'खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच घटना.' म्हणजे शब्द आधीच रुळलेला होता. एडिसनने १८७८ सालच्या पत्रांत यंत्रांतल्या बारीकसारीक दोषांना 'बग'च म्हटलं आहे. शब्दांच्या अशा गोंडस जन्मकथा पुढे पाठवण्याआधी मूळ नोंद वाचावी, एवढं तरी आपण करायलाच हवं.

कीटकशास्त्रात तर पतंग 'बग' नाहीच. तिथे खरे बग म्हणजे ढेकूण, मावा, तुडतुडे. सोंड खुपसून रस शोषणारे. शिवाय छुप्या मायक्रोफोनलाही 'बग' म्हणतात.

मग ऐकणाऱ्याला नेमका अर्थ कळतो कसा? संदर्भामुळे, असं आपण सहज म्हणतो. डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये हेच तपासलं. लोकांना एक वाक्य ऐकवलं: खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर 'बग' सापडले. 'बग' कानावर पडताक्षणी पडद्यावर अक्षरं झळकली. तो खरा इंग्रजी शब्द आहे का, एवढंच झटपट सांगायचं. 'मुंगी' या अर्थाचा शब्द एखाद्या संबंध नसलेल्या शब्दापेक्षा लवकर ओळखला गेला, यात नवल नाही. पण 'हेर' या अर्थाचा शब्दही तितक्याच चटकन ओळखला गेला! वाक्य झुरळांचं असूनही मेंदूने छुप्या मायक्रोफोनचं दार उघडलं होतं. तेच शब्द तोंडाने आणखी तीन अक्षरं उच्चारण्याइतक्या उशिरा दाखवले, तेव्हा 'हेर'ची आघाडी संपलेली होती. उरली फक्त मुंगी.

म्हणजे आधी सगळे अर्थ जागे होतात आणि मग संदर्भ नको ते मिटवतो. हे इतक्या झपाट्याने उरकतं की आपल्याला पत्ताच लागत नाही. वर 'पतंग' वाचताना तुमच्याही मनात क्षणभर मांजा येऊन गेला असेल.

पुढे वाचकांच्या नजरेचा माग काढणाऱ्या प्रयोगांनी यात भर घातली. सगळे अर्थ एकाच वेगाने जागे होत नाहीत, नेहमीचा अर्थ आधी येतो. संदर्भ कमी वापरातल्या अर्थाचा असेल, तर दोन्ही अर्थांची टक्कर होते आणि डोळे त्या शब्दावर काही मिलिसेकंद जास्त रेंगाळतात.