ग्राफिक्स कार्डावरील कूलर-बदल

संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर कारखान्यात बसवलेला हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) व पंखे काढून त्यांच्या जागी दुसरा, सहसा अधिक मोठा, अधिक शांत किंवा द्रवशीतित कूलर बसवणे म्हणजे कूलर-बदल. मूळ हीटसिंक तसाच ठेवून वरचे प्लॅस्टिकचे आवरण व छोटे पंखे तेवढे काढायचे आणि तेथे संगणकाच्या पेटीसाठी असलेले १२० मिमी.चे पंखे जोडायचे, हा प्रकारही काही जण याच संज्ञेत धरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः हीटसिंकसह होणारा बदल अभिप्रेत आहे.

१९९६ च्या व्हूडू ग्राफिक्स कार्डावरील चिपांना साधा हीटसिंकही नव्हता. पुढे विजेची भूक वाढत गेली, तसे आधी ॲल्युमिनियमचे तुकडे आले आणि मग पंखे. ग्राहकाने स्वतः कूलर बदलण्याची प्रथा साधारणपणे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रूढ झाली, असे मानता येते. झालमन आणि आर्क्टिक कूलिंग या कंपन्यांचे सुटे कूलर त्याच सुमाराचे. एनव्हिडिया कंपनीच्या २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाचा आवाज तर चेष्टेचा विषय झाला होता. २०१३ मध्ये एएमडी कंपनीच्या रेडिऑन आर९ २९०एक्स या कार्डाच्या मूळ कूलरने चिप ९५° से.पर्यंत जाऊ देण्याचे धोरण ठेवले व आवाजाबद्दल टीका ओढवून घेतली. त्याच वर्षी, प्रोसेसरसाठीचा बंदिस्त द्रवशीतक ग्राफिक्स चिपवर बसवता यावा म्हणून एनझेडएक्सटी कंपनीची धातूची चौकट बाजारात आली. पुढे कारखान्यातलेच कूलर इतके जाड झाले, की ते तीन-तीन स्लॉटांची (कार्डे बसवण्याच्या खाचांची) जागा व्यापू लागले आणि सुट्या कूलरांची गरज ओसरली.

आजच्या बहुतेक कूलरांचा कणा म्हणजे हीटपाइप, अर्थात उष्णतानलिका; तिच्यातला द्रव गरम टोकाला वाफ होतो, थंड टोकाला पुन्हा द्रव होतो आणि परत येतो. तिच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. काही लेखक तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातील पर्किन्स नळीत शोधतात. पण त्या नळीत थंड झालेला द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली येत असे. आतल्या सच्छिद्र अस्तरातून, म्हणजे वातीतून, केशाकर्षणाने द्रव परत खेचण्याची कल्पना जनरल मोटर्सच्या गॉगलर यांच्या पेटंटात प्रथम स्पष्टपणे दिसते (अर्ज १९४२, मंजुरी १९४४). ती तेव्हा दुर्लक्षित राहिली. अमेरिकेतील लॉस ॲलमॉस येथील प्रयोगशाळेत ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये तीच रचना स्वतंत्रपणे सिद्ध केली व ‘हीटपाइप’ हे नाव रूढ केले. वातीलाच या नलिकेचे मर्म मानले, तर अग्रमान गॉगलर यांच्याकडे जातो. उपयोगात आणण्याचे श्रेय मात्र ग्रोव्हर यांचेच. हा वाद वाटतो तितका पुस्तकी नाही. वात कमकुवत असेल किंवा आत पाणी कमी भरले असेल, तर नलिका पुन्हा गुरुत्वाकर्षणावर अवलंबून राहते आणि कार्ड आडवे की उभे यावर तापमान ठरू लागते. रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या काही कार्डांतील बाष्पकक्षात पाणी अपुरे असल्याचे एएमडीने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले होते. बाष्पकक्ष म्हणजे हीटपाइपचेच चपटे रूप.

कूलर कितीही मोठा असला, तरी यश ठरते ते त्याच्या बुडाच्या चिपशी येणाऱ्या स्पर्शावर. तांब्याची उष्णतासंवाहकता सुमारे ४०० वॉट प्रति मीटर प्रति केल्व्हिन, हवेची सुमारे ०.०२६, म्हणजे केसाएवढी हवेची फटही महागात पडते. थर्मल पेस्ट केवळ ही फट भरण्यासाठी असते, जाड थर देण्यासाठी नव्हे. २००६ ते २०१० च्या अनेक उच्च श्रेणीच्या जीफोर्स चिपांवर धातूचे झाकण होते; २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून चिप उघडी असते. त्यामुळे मधोमध पेस्टचा ठिपका ठेवण्याची प्रोसेसरवरची सवय येथे भरवशाची नाही. कडा कोरड्या राहू नयेत म्हणून पूर्ण पृष्ठावर पातळ थर पसरणे अधिक सुरक्षित. वारंवार तापण्या-निवण्याने पातळ पेस्ट कडेकडे ढकलली जाते; यावर सुमारे ४५° से.ला मऊ होणाऱ्या अवस्थाबदल पट्ट्यांचा उपाय अलीकडे केला जातो. पेस्टऐवजी वापरला जाणारा गॅलियमयुक्त द्रवधातू उत्तम संवाहक खरा, पण तो वीजवाहकही आहे आणि ॲल्युमिनियम पोखरतो.

खरी गफलत होते ती मेमरी चिपा व वीजपुरवठ्याच्या घटकांबाबत. जुन्या सार्वत्रिक कूलरांसोबत त्यांच्यासाठी चिकटवायचे छोटे हीटसिंक मिळत आणि ते गळून पडत. हे घटक व कूलर यांच्या मधल्या फटीसाठी ०.५ ते ३ मिमी. जाडीचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) वापरतात. पॅड जाड झाला, तर कूलर मुख्य चिपवरून उचलला जातो. पातळ झाला, तर मेमरी उघडी पडते. मुख्य चिपचा आकडा वीस अंशांनी उतरल्याचा आनंद चालू असताना मेमरी भाजत असू शकते, कारण कित्येक कार्डांवर तिचे तापमान दाखवलेच जात नाही. आरटीएक्स ३०९० मध्ये २४ मेमरी चिपांपैकी निम्म्या बोर्डाच्या मागील बाजूस आहेत. पुढचा कूलर बदलून त्यांना थेट काहीच मिळत नाही.

कूलर-बदलाने कार्डाचे आयुष्य वाढते काय? दर १०° से.ला आयुष्य निम्मे होते, हा आर्‍हेनियसच्या समीकरणावरून काढलेला ठोकताळा विद्युत् अपघटनी धारित्रांना (कार्डावरील वीज साठवणाऱ्या घटकांना) बऱ्यापैकी लागू पडतो. सोल्डरच्या सांध्यांचा थकवा मात्र कमाल तापमानापेक्षा तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांशी अधिक निगडित दिसतो. लॅपटॉपमधील चिपांच्या सदोष पॅकेजिंगपायी (चिपेच्या वेष्टन-जोडणीपायी) एनव्हिडियाने २००८ मध्ये १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. त्या प्रकरणातही प्रश्न पॅकेजिंगच्या सामग्रीचा होता. त्यामुळे आयुर्वृद्धीचा दावा जपूनच करावा. आवाज घटणे व घड्याळ-वारंवारता (चिपच्या कामाचा वेग) स्थिर राहणे हे फायदे अधिक निश्चित आहेत.

कूलर निवडताना चिपभोवतीच्या स्क्रूभोकांमधील अंतर जुळावे लागते. ते अनेक कार्डांवर सुमारे ५३ किंवा ५८ मिमी. असते. स्क्रू कर्णरेषेत, थोडेथोडे आवळतात, अन्यथा उघड्या चिपचा कोपरा टवकतो. कार्डावरील पंख्याचा जोड मदरबोर्डवरील जोडापेक्षा लहान असल्याने बहुधा जोडकेबल लागते. हमीच्या अटी उत्पादकागणिक वेगळ्या असतात. स्क्रूवरील ‘सील फाटल्यास हमी रद्द’ या चिकटपट्टीबाबत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये काही कंपन्यांना ताकीद दिली होती, पण तो नियम तेथपुरता. दुरुस्तीला पाठवताना कार्ड मूळ रूपात द्यावे लागू शकते, म्हणून जुना कूलर, त्याचे पॅड व स्क्रू जपून ठेवतात.